नऊवारी आणि नळीची सायकल

आमच्या चाळीत पहिली सायकल आली तेव्हा ती बघायला तिन्ही मजले खाली उतरले होते. पुढे मात्र सायकलींची साथच आली. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. चाळीच्या भिंतीवर गेरूने रंगवलेल्या घोषणा आणि भिंतीला टेकवलेल्या सायकली. घोषणा पुरती वाचायची तर आधी दोन सायकली बाजूला कराव्या लागत. गिरणीवाले, गोदीवाले, फोर्टातले कारकून, जो तो सायकलवाला झाला. जिन्याखालच्या जागेसाठी पूर्वी कोळशाच्या पोत्यांवरून भांडणं व्हायची, ती आता सायकलींवरून होऊ लागली. लालबागात भांडायला काही ना काही लागतंच.

माझ्या वडिलांनीही एक जुनी सायकल घेतली. काळी, मधे आडवी नळी असलेली, चांगली उंच. वडील साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, आणि त्यांची गिरणी आमच्या खिडकीतून दिसायची. जिन्याखालच्या गर्दीतून सायकल ओढून काढेपर्यंत शेजारचे लोक चालत गिरणीच्या दारात पोचून तंबाखू मळत बसलेले असायचे.

"मगे घेतलात कशाक?" आई विचारायची.

"सगळ्यांनी घेतली म्हणान," वडील खरं तेच सांगायचे.

आई खाणावळ चालवायची. खाणावळ म्हटली की लोकांना पाटी आणि टेबलं आठवतात. आमची खाणावळ म्हणजे आमचीच एक खोली. गावाकडे बायकापोरं ठेवून मुंबईत आलेले आमच्या मुलखातले पुरुष महिन्याच्या बोलीने आमच्याकडे जेवायचे. पाळी सुटली की यायचे, भिंतीला पाठ लावून रांगेने बसायचे, आणि आई वाढायची. भात वाफाळलेला नसेल तर ती पातेलं पुन्हा चुलीवर चढवायची. गार जेवण वाढणं तिला माणसाला दारातून हाकलण्यासारखं वाटायचं. त्या खाणावळीवर आमचं घर चालायचं आणि माझी शाळाही. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. आमच्या मजल्यावर तिथवर पोचलेली मुलगी मी एकटीच, आणि याचा मला बराच ताठा होता.

तशात आमच्या चार जेवणाऱ्यांना गिरणी सोडून कॉटन ग्रीनच्या कापसाच्या वखारीत काम मिळालं. त्यांच्यासाठी चांगलं झालं, आमच्यासाठी वाईट. दुपारच्या सुट्टीत तिथून खोलीवर येऊन जेवणं शक्य नव्हतं. आमचे डबे डोक्यावरच्या पाटीतून नेणारी मावशी करी रोडच्या गिरण्यांकडे जायची. ती काही उलट दिशेला जाऊन येणार नव्हती. आई पायी गेली असती, पण मग इकडे खोलीवर येणाऱ्यांना कोण वाढणार? आणि डबा गेला नाही तर ते चौघे दुपारी तिकडच्या एखाद्या खाणावळीत जेवणार. दुपारी जिथे जेवले तिथेच रात्रीही जेवायला लागणार, हे आईने आजूबाजूच्या खाणावळी मोडताना पाहिलं होतं.

वडिलांनी मान खाली घालून उपाय सांगितला. "चेडू व्हरात डबे. पुरे झाली शाळा. पत्रा वाचूक येतत, लिवूक येतत."

चेडू म्हणजे मी, डबे मीच न्यायचे. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"शाळा सोडूची नाय," ती म्हणाली. वडिलांनी लगेच मान डोलावली. मला वाटतं, तिने असं म्हणावं म्हणूनच ते बोलले होते.

मग मी शहाणपणा केला. सायकल शिकायची, मधल्या सुट्टीत डबे पोचवून शाळेत परत यायचं, असं मी जाहीर केलं. मी तेव्हा नुकतीच पाचवारी गोल साडी नेसायला लागले होते आणि ती नीट चोपूनचापून नेसण्यात माझा रोज बराच वेळ जाई. अशा थाटात मी वडिलांच्या सायकलवर चढले. चढले म्हणजे काय, नळीवरून पाय पलीकडे जाईना, गेला तेव्हा निऱ्या सुटल्या, आणि चार हात पुढे गेले तोच पदर चेनमध्ये. चाळीच्या तिन्ही गॅलऱ्या भरलेल्या. मी आडवी, माझ्यावर सायकल, आणि साडीला कोपर जाईल एवढं भोक.

आई खाली आली. आधी पदर चेनमधून सोडवला, मग माझं ढोपर बघितलं, आणि मग बराच वेळ सायकलकडे बघत उभी राहिली.

"तुझा लुगडा आड येता," ती म्हणाली. "माझा येवचा नाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई नऊवारी नेसायची, मागे काष्टा घट्ट खोचलेला, पोटऱ्यांपर्यंत आखूड. शिकलेल्या मुलींनी जे लुगडं जुनाट म्हणून टाकलं होतं, त्यात दोन्ही पाय मोकळे होते. तिने नळीवरून पाय टाकला तो जात्यावर बसावं इतक्या सहज. फक्त सायकल चालवता येत नव्हती, एवढंच.

ती शिकली बंदच्या दिवशी. त्या वर्षांत बंद पुकारला की लालबागचा रस्ता धुतल्यासारखा रिकामा व्हायचा. ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही. ते दिवस सगळेच गमतीचे नव्हते. कधी लाठ्या चालायच्या, डोळे झोंबायचे, आणि आमच्या वरच्या मजल्यावरचा एकजण डोक्याला पट्टी बांधून महिनाभर गॅलरीत बसून होता. पण त्या दिवशी आमच्या बाजूला शांतता होती. वडिलांनी मागून सीट धरली, आईने देवाचं नाव घेतलं आणि पायडल मारलं. दुपारपर्यंत वडिलांना धाप लागली आणि आईला सायकल आली. पुरुषमंडळी हसली, हे खरं. त्यांच्या बायका मात्र हसल्या नाहीत. त्या आपापल्या काष्ट्यांकडे बघत होत्या. पुढच्या बंदला आणखी दोघीजणी रस्त्यावर उतरल्या, त्यांतली एक मासे विकणारी होती आणि तिने घंटी वाजवायची सोडून तोंडानेच "बाजू, बाजू" ओरडायला सुरुवात केली. वर्षभरात आमच्या चाळीतल्या सायकली बायका आणि पुरुष पाळीपाळीने वापरू लागले.

अशी आमची घडी बसली. दुपारी चार डबे फडक्यात गुंडाळून, कॅरियरवर करकचून बांधून आई निघायची. काळाचौकीवरून कॉटन ग्रीन, डबे दिले की तशीच माघारी. चौघांना भात गरम मिळायचा, खोलीवरच्यांना ताट वेळेवर मिळायचं, आणि मी शाळेत बीजगणित करत असायचे. मला त्या दिवसांत फार सुखी वाटायचं.

मॅट्रिकच्या परीक्षेचं केंद्र दादरला आलं. बसने जाता आलं असतं, पण बस मधेच कुठे अडेल याचा तेव्हा भरवसा नव्हता. आदल्या वर्षी शेजारच्या चाळीतली एक मुलगी मोर्चात अडकली होती आणि तिचा पेपर बुडाला होता. आईने ते मनात ठेवलं होतं. सायकल कुठल्याही गल्लीतून काढता येते. मला दादरला सोडून परतली तर खोलीवरच्यांना वाढायला ती पोचणार होती, पण शिजवणं आधीच उरकावं लागणार, आणि कॉटन ग्रीनला जायला वेळ उरणार नव्हता. म्हणजे परीक्षा संपेपर्यंत त्या चौघांना दुपारचा डबा नाही.

हे त्या चौघांना सांगायची वेळ आईवर आली. इतके महिने ज्यासाठी पायडल मारलं ते आता स्वतःच्या हाताने घालवायचं. चौघे रात्रीचे जेवत होते. तिने भीतभीत सांगितलं.

त्यांच्यातले थोरले, टक्कल पडलेले, फारसं न बोलणारे. त्यांनी घास गिळला.

"वैनी, चेडवाक घेवन जा," ते म्हणाले. "आमका सकाळीच भाकरी बांधून दी. गार भाकरीन कोण मरूचो नाय."

पहिल्या पेपरला डब्यांच्या जागी कॅरियरवर मी बसले. परळच्या नाक्यावर हवालदाराने डबल सीट बघून हात आडवा केला. "परीक्षा हा, परीक्षा!" असं ओरडत आई न थांबता पुढे गेली, आणि त्याने हात खाली घेतला. केंद्राच्या दारात फोर्टातल्या साहेबांसारखे कोट घातलेले बाप आपापल्या मुलींना सोडायला आले होते. एका मुलीने मला विचारलं, "सायकलवरून आल्या त्या कोण?" मी म्हटलं, "माझी आई." हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं.

संध्याकाळी खोलीत पाऊल टाकते तो ते चौघे भिंतीला पाठ लावून बसलेले. पानं वाढलेली, भाताची वाफ निघते आहे, आणि दिवसभर गार भाकरी खाऊन आलेल्या त्या चौघांतल्या एकाचाही हात पानाकडे गेलेला नाही.

"जेवा हो," आई म्हणाली, "गार होता."

"होवंदे गार," थोरले म्हणाले. "आदी चेडू काय ता सांगांदे. पयलो पेपर कसो गेलो गो?"

आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि चुलीवरून उलथनं घेऊन उगाच रिकाम्या तव्यावर घासत बसली. मी तिच्या शेजारी खाली बसले आणि पहिल्या प्रश्नापासून सांगायला लागले.