सगळ्यांच्या रोलवर मावशींचा फोटो

आज आमचा फिल्म कॅमेऱ्याच्या दुकानाचा ग्रुप बोनकोडे गावात फोटो काढायला गेला होता. रोल महाग, म्हणून पाच जणांत एकच.

ओट्यावर मासळी साफ करणाऱ्या मावशींचा फोटो मी काढला. त्या चिडल्या. "मना इचारलंस का? पुसून टाक तो."

"मावशी, यात पुसता येत नाही. पण कुठेच लावणार नाही, शब्द देते."

परतल्यावर या फोटोबद्दल ऐकून दुकानदार दादा म्हणाले, "तो भारी येणार, दुकानाच्या भिंतीवर लावू."

मी नको म्हटलं, तर एक मित्र हसला. "रोल सगळ्यांचा आहे, मॅडम. तू कोण शब्द देणारी?"

रोल आता दादांकडे आहे, धुवायला. म्हणून ग्रुपला या पोस्टमधूनच विचारते: रोल सगळ्यांचा, पण मावशींचा चेहरा आपला कधी झाला?