मुठीतला बर्फ

दर्शना गेली हे मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. फोन तिच्या भावाचा, नितेशचा होता. त्यानंतर ज्यांना ज्यांना मी ही बातमी सांगितली, त्यांचा प्रश्न एकच होता, ‘काय करून घेतलं तिनं?’ काय झालं तिला, असं कुणी विचारलं नाही... काही आठवडे उलटल्यावर हे लिहायला बसलेय ते एवढ्यासाठीच. तिनं काहीही करून घेतलं नाही. तिचं अपेंडिक्स फुटलं.

दर्शना माझी चुलत बहीण. खालापूरजवळच्या आमच्या गावात, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेल्या पहिल्या आम्ही दोघी, आणि हे मी ताठ मानेनं सांगते. लावणीच्या दिवसांत पायाचा चिखल नळावर धुऊन आम्ही सहाआसनी रिक्षात बसायचो आणि कर्जत गाठायचो. ती माझ्यापेक्षा हुशार. पण रिक्षात माझा एखादा शब्द वाकडा गेला, की चौकापर्यंत माझ्याशी भांडायची, पुढे रडायची आणि कर्जतला उतरल्यावर मलाच वडापाव खिलवायची. ‘तू मला सोडून जानार नाय ना गं?’ हे तिनं मला, मैत्रिणींना, ठरलेल्या नवऱ्यालाही विचारलं. तुमच्याआमच्या अंगावरून घरंगळून जाणारं वाक्य तिच्या आरपार जायचं. लग्न मोडलं. पोरगी वेडी आहे, असं मुलाकडच्यांना गावातूनच कळवण्यात आलं होतं.

पनवेलच्या डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. औषधापेक्षा बोलण्यानं आणि सरावानं बरं वाटतं, वेळ लागतो, पण वाटतं, असं त्या म्हणाल्या. नितेशनं घरी येऊन त्याचं भाषांतर केलं, ‘बॉर्डरवर हाय अजून. पलीकडं गेली की टाकू ठान्याला, येड्यांच्या इस्पितळात.’ घर हसलं. दर्शनाही हसली, आणि मग तिनं ताट भिरकावलं. गावानं ताट तेवढं लक्षात ठेवलं.

बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. भावनेचा लोंढा आला की बर्फाचा खडा मुठीत धरायचा, त्या गारव्यावर मन आणायचं, म्हणजे लोंढा ओसरतो. ही दर्शनासाठी. घरच्यांनी अशा वेळी आवाज चढवायचा नाही, शांत राहायचं. ही घरासाठी. दर्शनानं तिची गोष्ट मनापासून केली. फ्रीजमधला निळा ट्रे तिचा होता. कुंभिवलीच्या कंपनीत कामाला जाण्याआधी रोज तो भरून ठेवायची. कित्येक महिने ताट उडालं नव्हतं. घरानं आपली गोष्ट स्वतःच्या सोयीची करून घेतली, ‘तिच्याकडं लक्ष द्यायचं नाय.’

पुढचं मला काकूनं, म्हणजे तिच्या आईनंच सांगितलं, भाजी निवडता निवडता. रविवारी सकाळीच दर्शना स्वयंपाकघराच्या दारात पोट धरून बसली. ‘आये, दवाखान्यात ने गं.’ काकू म्हणाली, ‘काम सांगितलं की बरं दुखतं तुझं.’ मला फोन लावायला तिनं मोबाईल मागितला. तो नितेशनं आदल्या आठवड्यात काढून घेतला होता, ती सगळ्यांना छळते म्हणून. मोबाईलऐवजी त्यानं फ्रीजमधला ट्रे आणून तिच्यापुढे ठेवला. ‘धर मुठीत. उतरंल.’

आणि तिनं धरला. काकू म्हणाली, खड्याचं पाणी होईपर्यंत धरून बसली होती.

मला हे सगळ्यात जास्त लागतं. आपलं पोट खरंच दुखतंय की आपलं डोकं आपल्याला फसवतंय, हे तिलाही कळेनासं झालं असणार. इतकी वर्षं घरानं तिला हेच तर शिकवलं होतं. संध्याकाळी उलट्या थांबेनात तेव्हा नितेशनं तिला दवाखान्यात नेलं आणि पहिलं वाक्य टाकलं, ‘मानसिक पेशंट हाय, डॉक्टर.’ मग पोट कोण तपासणार. झोपेचं इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात पोट उघडलं, तोवर उशीर झाला होता.

दहाव्याला पाताळगंगेच्या काठी पिंड ठेवले. कावळे झाडावर बसलेले, खाली उतरेनात. काय इच्छा राहिली असेल, म्हणून जो तो बोलू लागला. काकू म्हणाली, तुझ्या साड्या कुनाला देनार नाय. मामा म्हणाला, वर्षश्राद्ध थाटात करू. मागून एक बाई पुटपुटली, ‘मेल्यावर पन नखरे हायेत हिचे.’ दोघीतिघी पदराआड हसल्या.

मी नितेशला म्हटलं, ‘तिला एवढंच सांग, तुझं खरंच दुखत होतं.’

‘तू शिकलेली ना गं? कावल्याला काय कलतंय?’

‘कावळ्याला नको सांगू. या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग.’

तो भटजींकडे वळून म्हणाला, ऊन फार झालंय, आटपा. भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला. आटपलं.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं. उकाडा मी म्हणत होता. काकूनं कोकम सरबत केलं, फ्रीज उघडला, निळा ट्रे काढून ओट्यावर आपटला आणि ग्लासांत खडे टाकत गेली. आपण काय टाकतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं... ट्रे शेवटचा कुणी भरला होता, मला विचारायचं धाडस झालं नाही.

‘तुला घालू का गं बर्फ?’

मी हो म्हटलं. ग्लासातला खडा काढला आणि मुठीत धरून उभी राहिले. आधी नुसतं गार लागतं, मग हाडापर्यंत कळ जाते, मग बोटं बधिर होतात. कोपरावरून पाणी ठिबकायला लागलं तशी काकूनं माझ्याकडे पाहिलं.

‘आता तू नको नाटकं करू,’ ती म्हणाली, आणि पुढचा ग्लास भरायला घेतला.