डिकीतले बोंबील

कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत मी घासाघीस करण्यात पटाईत म्हणून ओळखला जातो. बायको त्याला चिकटपणा म्हणते. मुलीने बंगळुरूची नोकरी धरली तेव्हा मी नको म्हणालो होतो, आणि जरा जास्तच बोललो होतो. तेव्हापासून ती फक्त आईशी बोलायची. मला फार लागलं होतं, पण कबूल कोण करणार? मग एक दिवस आईकरवी निरोप आला: माझी गाडी पाठवा, चांगला बंद ट्रक बघा, पैसे मी देते. मी म्हटलं, पैसे मी देणार, आणि निम्म्यात पाठवणार.

कळंबोलीत सहा ट्रान्सपोर्टवाल्यांकडे फिरलो. बंद ट्रक कशाला, उघडा चालेल. घरून न्यायला नको, मी आणून देतो. घरपोच नको, ती येऊन नेईल. असं एकेक कापत भाव निम्म्यावर आणला. सात गाड्या जमल्या की ट्रेलर सुटणार होता. सातवी कधी येणार, एवढंच विचारायचं राहिलं.

गाडीत सामान ठेवू नका, असंही ट्रान्सपोर्टवाल्याने बजावलं होतं. पण गाडी जातेच आहे तर डिकी रिकामी पाठवायची म्हणजे पापच. दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जाऊन दोन किलो सुके बोंबील आणले; मुलीचा अगदी जीव की प्राण. कोळीणबाई म्हणाली, "वास नाय येनार, दादा. चार दिवसांचा तं प्रश्न हाय."

मे महिन्यात गाडी सतरा दिवस यार्डातच उन्हात उभी होती. चौदाव्या दिवशी चौकशीला गेलो, तर वॉचमनने नंबरही विचारला नाही. "ती बोंबीलवाली ना?" म्हणाला. डिकी उघडायला चावी मागायची मला लाज वाटली.

गाडी पोचली आणि मुलीचा फोन आला, थेट माझ्या नंबरवर. वीस मिनिटं तिने मला धुतलं. वास सीटमध्ये मुरलाय, ऑफिसची मैत्रीण अर्ध्या रस्त्यात उतरून रिक्षाने गेली, गाडी साफ करायलाच तुम्ही वाचवलेले सगळे पैसे जाणार. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकत होतो. तिने थांबूच नये असं वाटत होतं.

शेवटी ती दमली. मला वाटलं, आता ठेवणार.

"बाबा," ती म्हणाली, "रश्श्यात घालायचे तर आधी भिजवायचे ना?"