आईसाठी काढून घेतलेलं चित्र

दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या गोदामात श्रीमंतांची चित्रं सांभाळायला येतात. थंड खोलीत ठेवायची, दर सोमवारी टॉर्च मारून कुठं रंग उडालाय का बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. कलेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण एका फौजी साहेबानं माझा पिच्छा पुरवला.

अडीचशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र. लाल कोट, कमरेला तलवार, गुबगुबीत गाल. सोबतच्या कागदात त्याची हकिगत होती. हिंदुस्थानात नोकरीला आलेला हा इंग्रज. आपण खुशाल आहोत हे आईला दिसावं म्हणून त्यानं चित्र काढून घेतलं आणि जहाजानं घरी पाठवलं. ते पोचेपर्यंत हा हिंदुस्थानातच तापानं गेला होता.

अरे बाबा, चित्र कसलं पाठवतोस, स्वतः जायचं ना. दर सोमवारी मी त्याच्यावर मनातल्या मनात चिडायचो. आणि मी कोण मोठा लागून गेलो? मीही दुबईत अल बर्शाच्या स्टुडिओत उसना कोट घालून काढलेला फोटो आईला पाठवला होता. चार वर्षं 'या दिवाळीला नक्की' चाललेलं. कधी बॉस 'इन्शाल्ला, नेक्स्ट मंथ' म्हणायचा, कधी मीच ओव्हरटाइम धरायचो. वहिनी सांगून थकली, "भावजी, आईंना हल्ली काही आठवत नाही. लवकर या."

परवा रविवारी व्हिडिओ कॉल लावला. आईच्या मागं भिंतीवर बाबांचा फोटो, शेजारी माझा. दोन्हींना चंदनाचे हार. माझ्या फोटोला हार कसला, मी विचारलं.

वहिनी हळूच म्हणाली, "आईंनीच घातलाय. तुम्ही गेलात असंच घेतलंय मनानं. हार काढला की दिवसभर रडतात."

"आई, मी आहे गं," मी म्हणालो.

तिनं पदर सावरला. "तुम्ही दुबईचे का? माझा धाकटा तिकडंच होता. ओळखायचात त्याला?"

मला रडू आवरेना. "हो," म्हणालो. "ओळखायचो."

"जेवायचा का हो वेळेवर?"

सोमवारी साहेबावरचं कापड काढलं. त्याच्या तोंडाकडं बघवेना. रिपोर्टवर 'कंडिशन गुड' लिहिलं, बॉसला न विचारताच गुरुवारचं तिकीट काढलं आणि वहिनीला फोन केला. हार काढू नका म्हटलं. मुलाचा मित्र भेटायला येतोय, एवढंच आईला सांगा.