शिऱ्याचा चटका

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. हळदीकुंकवासाठी शिरा परतत होते, पण चित्त नगरच्या एमआयडीसीतल्या कामात होतं. आम्ही यकृतातली गाठ ध्वनिलहरींनी जाळणारं यंत्र बनवतो. शेकडो बारीक चकत्या आपापल्या लहरी एकाच बिंदूवर आणून सोडतात; त्या चकत्यांची मांडणी माझी. गाठ असते बरगड्यांच्या मागे. बरगड्या तापल्या तर कातडी आतून भाजते. चाचणीत त्या तापल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी अहवालावर सही करायची, की यंत्र पहिल्या रुग्णबाईंसाठी रवाना. तरीही मन खात होतं.

कारण मला ठाऊक होतं. ही चाचणी बोकडाच्या बरगड्यांवर करायची असते. मी मार्गशीर्षात मटणाला हात लावत नाही, म्हणून पाण्याच्या टाकीत प्लास्टिकच्या बरगड्या ठेवल्या आणि तेवढं चालतं, असं मीच ठरवून टाकलं. देवीपुढे बसले तेव्हा काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं.

शेजारच्या मंदाताई कोपरगावहून आलेल्या आपल्या मावशींना घेऊन आल्या. त्यांना मी प्रथमच पाहत होते. शिरा वाटीत वाढून ताटलीतून पुढे केला. मावशींनी वाटी उचलली आणि झटक्यात खाली ठेवली.

"अगं बाई, पोळलं की!"

"मी बोट लावून बघितलं होतं, मावशी."

"कशाला?"

"लाकडी उलथन्याला."

मावशी खो खो हसल्या. "लाकडाला इचारलंस व्हय? ते शिऱ्यात बसून बी थंडच ऱ्हातंय. वाटीला इचारायचं हुतं!"

मंदाताईही हसल्या. मी पाणी आणायला आत गेले आणि ओट्यापाशीच थांबले. हाड लहरी पिऊन तापतं, प्लास्टिक तितकं तापत नाही. हे मी पंचवीस वर्षं जाणते.

कहाणीत देवी म्हातारीच्या रूपानं दारी येते. मावशी तशा आल्या, असं मी म्हणणार नाही. त्या बोट चोळत दुसरी वाटी मागत होत्या. पण माझं व्रत मी कुणाच्या तरी कातडीवर पाळत होते, हे त्या रात्री देवीपुढे कबूल केलं. नियम तिच्या पायाशी ठेवला.

शुक्रवारी सकाळी अंघोळ करून खाटकाकडे गेले.

"ताई, मार्गशीर्षात?" तो चकित झाला.

"खायला नाही. बरगड्या दे, अख्ख्या."

दहा वाजता त्या टाकीत होत्या. सव्वादहाला तापल्या. देवीचं नाव घेतलं, सही न केलेला अहवाल फाडला आणि लहरी हाडावर पडू नयेत म्हणून बरगड्यांसमोरच्या चकत्या बंद करायला बसले.