गाडीचा घाम

सकाळी गाडीचं दार उघडलं की डॉक्टरांचा ड्रायव्हर आधी आत बसायचा नाही. बाहेर उभ्यानंच वाकून पायाखालची काथ्याची चटई उचलायचा, खालच्या फळीवर हाताचा पंजा सपाट टेकवायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा आणि मग तो पंजा नाकाशी नेऊन हुंगायचा. निकाल दोनच असायचे. "कोरडी हाय," नाहीतर "घाम आलाय." घाम आलाय म्हटलं की डॉक्टरांनी कितीही घाई केली तरी चारही दारं सताड उघडून गाडी अर्धा तास वाऱ्यावर उभी राहायची. फक्त कुठे बाळंतीण अडली असेल तर तो एक अक्षर न बोलता गाडी काढायचा.

रेवदंड्यात त्याला लोक खुळा म्हणत. तो जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याचा विषय निघाला की कुणीतरी हसतंच. हसोत बापडे. मी डॉक्टरांच्या दवाखान्यात सात वर्षं कंपौंडर होतो आणि मी सांगतो, आमच्या टापूत शहाणा माणूस तो एकटाच होता.

गाडी जुनीच होती. मुंबईच्या कुणा शेठजीनं हौस फिटेपर्यंत वापरलेली; डॉक्टरांनी ती घेतली आणि मचव्यातून बंदरावर उतरवली. त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या मोटारी बहुतेक कापडी टपाच्या, वारा आरपार जाणाऱ्या. ही मात्र चारी बाजूंनी काचेची. आत लोकरीचं अस्तर, घोड्याच्या केसांनी भरलेल्या गाद्या, सांगाडा लाकडी. बघायला राजेशाही थाट, पण समुद्र दोन हाकांवर. दमट वारा आत शिरला की बाहेर पडायचं नाव घेत नसे. रात्र गार झाली की काचांना आतून पाणी सुटायचं, ओघळून अस्तरात मुरायचं आणि अस्तरातून लाकडात.

"पाऊस सगळ्यांना दिसतो, कंपौंडर," तो म्हणायचा. "हे आतलं पानी कुनाला दिसत न्हाय."

तो कोळीवाड्यातला. बाप तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. घरची होडी सोडून हा मुंबईला गेला, मोटारी दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली राबला आणि ड्रायव्हर होऊन परत आला. कोळीवाड्यानं ते कधी पोटात घातलं नाही. "दर्याला भ्यालास," असं भाऊ तोंडावर म्हणायचे. आई समोर आली तर जेवलास का एवढंच विचारायची. ही गाडी गेली तर त्याला मान खाली घालून भावांच्या होडीवर चढावं लागणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. काहीजण त्या दिवसाची वाट बघत होते.

त्याचे नियम कडक होते. पावसातून येणाऱ्यानं आधी पाय पुसायचे, ओला कोट बाहेर पिळायचा, मगच आत बसायचं. एकदा एका बड्या अंमलदारालाही त्यानं दारात थांबवलं. "साहेब, पाय पुसा. गाडीला संधिवात हाय." साहेबांनी निमूटपणे पाय पुसले. मी औषधाच्या बाटल्यांआड तोंड लपवून हसलो.

त्याला पुरून उरणारा माणूस घरातच होता. डॉक्टरांचे वडील, अण्णा. कचेरीत शिरस्तेदारी करून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक अडचणीवर एक हुकूम असतो आणि तो त्यांनी द्यायचा असतो.

"रात्री काचा बंद करून आत कंदील पेटवून ठेव," त्यांनी फर्मावलं. "ऊब राहील. ओल मरेल."

त्यानं वाद घातला नाही. विहिरीच्या गार पाण्यानं पितळी लोटा भरला, बाहेरून धोतराच्या सोग्यानं लख्ख कोरडा पुसला आणि अण्णांच्या देखत पेटत्या कंदिलाच्या काचेवर क्षणभर धरला. लोट्यावर बाहेरून धुकं धरलं आणि त्यातून एक थेंब ओघळला.

"दिवा ऊब देतो, अण्णा. पन पानीबी ओकतो."

"लोटाच ओला होता," अण्णा म्हणाले.

"मग परत धरू?"

 त्या दिवसापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य जमलं.

मृग लागायच्या आधी आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारतात. एका वर्षी अण्णांनी हुकूम काढला की गाडीही तशीच शाकारायची. काचा घट्ट लावून, फटींत चिंध्या कोंबून, वर झापं. आत मिठाची चार पोती, कारण मीठ ओल ओढून घेतं. "एवढ्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, एक गाडी टिकणार नाही?" सगळ्यांना ते पटलं. मीही मान डोलावली, याची आज लाज वाटते.

तो एकटा आडवा आला. "अण्णा, होडीच्या फळ्या सुकल्या तर चिरतात. ओल राहिली तर फुगून सांधा धरतात. होडीला ओल पायजे, गाडीला वारा पायजे. दोघींना एका झापाखाली निजवू नका."

"हुकूम तुझा की माझा?"

"हुकूम तुमचा. पन माज्या हातानं न्हाय." त्यानं चावी ओटीवर ठेवली. "गाडी कुजवायला डायवर लागत न्हाय."

डॉक्टर तिथंच होते. गावाला दटावणारे आमचे डॉक्टर वडिलांपुढे नेहमीच आढ्याकडे बघत. तेव्हाही त्यांनी तेच केलं.

चार महिने तो भावांच्या अंगणात जाळी विणत बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे टोमणे ऐकत राहिला. मी एकदा भेटायला गेलो. त्यानं माझी खुशाली विचारली नाही.

"गाडी कशी हाय?"

"झाकलेली आहे."

"म्हंजे मरतेय," तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.

दसऱ्याला वाहनाची पूजा करायची म्हणून तीन दिवस आधी आम्ही झापं काढली. दार उघडलं आणि अण्णा दोन पावलं मागे सरले. गाद्यांवर हिरवी-पांढरी लव वाढली होती. अस्तर लोंबत होतं. मिठानं ओल ओढली होती खरी, पण पोटभर पिऊन ते पाझरलं होतं आणि खालचा पत्रा खाऊन टाकला होता. अण्णांनी नाकाला उपरणं लावलं. "भंगारात द्या," म्हणाले. पनवेलच्या भंगारवाल्याला निरोपही गेला.

ही बातमी दुपारपर्यंत कोळीवाड्यात पोचली असणार. उन्हं कलायच्या आत तो अंगणात हजर.

"तुला कुणी बोलावलं?" अण्णांनी विचारलं.

"कुनी न्हाय." बोलता बोलता त्यानं पुढची गादी उपसून बाहेर काढली होती. "नोकरी मागायला न्हाय आलो मी. तीन दिस पायजेत."

अण्णा तोंड उघडणार तोच डॉक्टर म्हणाले, "अण्णा, देऊ या त्याला तीन दिवस." वडिलांच्या शब्दावर शब्द टाकायला त्यांना चाळीस वर्षं लागली होती.

आश्विनातलं कडक ऊन होतं. आता ऐका, त्यानं काय केलं. गाद्या, अस्तर, तळाच्या फळ्या, सगळं हातगाडीवर घालून कोळीवाड्यात नेलं आणि बोंबील सुकवायच्या बांबूंवर टांगलं. खाली खारा वारा, वर ऊन, शेजारी बोंबलांच्या माळा. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्याची आई लांबून बघत उभी होती. मग काय वाटलं कोण जाणे, तरातरा पुढे आली.

"असं सुकवतात व्हय रे? पोटाकडली बाजू वाऱ्याला दे. आन दव पडायच्या आत घरात घे."

जन्मभर मासळी उलटवलेल्या त्या हातांनी ती दर तासाला डॉक्टरांच्या गाद्या उलटवत होती. दुसऱ्या दिवशी भाऊही आले. हसतच आले, पण फळ्या उचलू लागले. पत्र्याला त्यानं घासून रंग दिला, सडलेलं लाकूड तासून नवं बसवलं. मी त्याला त्या तीन दिवसांत बसलेला पाहिला नाही.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूची माळ घातलेली गाडी दारात उभी राहिली आणि हँडल तिसऱ्यांदा फिरवताच सुरू झाली. त्याबरोबर सुक्या बोंबलांचा घमघमाट सगळ्या आळीत पसरला. समोरच्या घरच्या खिडक्या धडाधड लागल्या.

"मेलो तरी या गाडीत पाय ठेवणार नाही मी," अण्णा म्हणाले.

"नका ठेवू. गाडी चालतेय."

डॉक्टर शांतपणे जाऊन मागे बसले. "मला पडसं झालंय," ते म्हणाले. "वास येत नाही." ते पडसं त्यांना हिवाळाभर पुरलं. भंगारवाला आला तसा परत गेला आणि त्यानंतर गाडीवर पुन्हा कधी झाप चढलं नाही. भर पावसाळ्यातही ती धावायची. अण्णा मात्र आपल्या बैलगाडीतूनच फिरत. बोलल्या शब्दाला जागणारा माणूस. त्याबद्दल मी त्यांना मानतो.

दोन वर्षांनी, श्रावणाच्या तोंडाला, अण्णांचं अंतर्गळ अडकलं, आतडं पिळलं. शस्त्रक्रियेला अलिबाग गाठायला हवं, तेही संध्याकाळच्या आत. डॉक्टरांनी हात जोडले. अण्णांनी गाडीकडे पाठ केली आणि बैलगाडी जुंपायला सांगितली. डॉक्टर त्यांच्याबरोबर बैलगाडीत बसले. त्यानं मला खूण केली आणि आम्ही दोघं मोटार घेऊन मागून निघालो. चौल गेलं. बैलांच्या पावलानं मोटार चालवायची म्हणजे इंजिन तापून फुटायची वेळ. तो थांबे, बैलगाडीला पुढं जाऊ देई, पुन्हा गाठे. पाऊस मी म्हणत होता.

नागावच्या अलीकडे बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटली आणि गाडी एका अंगावर कलली. तो उतरून चिखलातून अण्णांपाशी गेला. अण्णांचा चेहरा कळांनी पांढरा पडला होता.

"चला, अण्णा."

"वास येतो का रे अजून?"

"येतो. बसायचं असंल तर वासासकट बसा."

मी त्या गाडीत रोज बसत होतो. वास केव्हाच गेला होता. येत नाही म्हणाला असता तर सगळं सोपं झालं असतं. पण त्याच्या आईनं त्या गाद्या हातानं उलटवल्या होत्या, आणि एका म्हाताऱ्याची समजूत काढायला आपल्या कोळीवाड्याचा वास तो नाकारणार नव्हता. मला त्या क्षणी त्याचा राग आला आणि त्याच क्षणी मला तो फार मोठा वाटला.

 अण्णांनी हात पुढं केला. त्यानं त्यांना लहान मुलासारखं उचलून मागच्या सीटवर ठेवलं.

आम्ही चौघे, माझ्याखेरीज तिघे चिंब. दोन मिनिटांत समोरची काच आतून पांढरी झाली. त्यानं बाजूच्या काचा चार बोटं खाली घेतल्या.

"काचा वर कर," अण्णा कण्हत म्हणाले. "भिजतोय मी."

"वर केल्या तर रस्ता दिसायचा न्हाय. आपल्या चौघांचा श्वास काचंवर बसतोय."

"हा माझा हुकूम आहे."

"आन गाडी मी हाकतोय."

अण्णांनी डोळे मिटले. मग बैलगाडीतून बरोबर आलेली छत्री चाचपून काढली आणि गाडीच्या आतच उघडली. तिची एक काडी माझ्या कानात, दुसरी डॉक्टरांच्या पगडीत. आमची वरात तशीच अलिबागच्या सरकारी दवाखान्यात पोचली.

अण्णांना आत नेताना त्यांनी त्याला जवळ बोलावलं. "छत्री गाडीतच राहू दे. परत जाताना लागेल मला."

"ओली छत्री गाडीत न्हाय ठेवायची, अण्णा."

त्यांचे ओठ किंचित हलले. शिवी होती की हसू, मला सांगता येणार नाही. दार लागलं.

तो व्हरांड्याच्या टोकाला, जिथं वारा लागत होता तिथं छत्री उघडून बसला. वाऱ्यानं ती उलटू नये म्हणून दांडा दोन्ही हातांनी धरून. येणारेजाणारे हसत होते. स्वतःच्या अंगावरचा ओला सदरा बदलायचं त्याला सुचलं नाही. दोनेक तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि अण्णा निभावले म्हणाले, तेव्हा कुठे तो उठला. छत्रीचं कापड बोटांत चोळून पाहिलं आणि ती मिटली. गाडी अंगणाच्या पलीकडे उभी होती. त्यानं माझी कोरडी घोंगडी ओढून घेतली, छत्री तिच्यात गुंडाळून पोटाशी धरली, भर पावसातून वाकून पळत गेला आणि मागच्या सीटवर अण्णांच्या जागेवर ती ठेवून आला.