महाडातल्या चिनी शेवया

आंबेनळी घाट उतरून एसटी पोलादपूरला थांबली, तेव्हा मी भांडायच्याच तयारीत होतो. गावोगावी उभ्या राहणाऱ्या चायनीजच्या लाल गाड्यांविरुद्ध मला पत्रक लिहायचं होतं. भाकरीच्या मुलखात हे परकं खाणं आणलं कुणी, हा माझा सवाल. स्टँडसमोरच्या गाडीवाल्याला तो विचारला, तर तो हसला.

"भाऊ, हे कसलं चायनीज? मिरची आमची, कोबी आमचा. खरं बगायचं तर महाडला जा. इब्राहिमभाई मस्कतवरनं शिकून आलाय."

महाडला बाजारपेठेच्या टोकाला ती खानावळ सापडली. इब्राहिमभाई पिठाचा दोर दोन्ही हातांनी ओढत होते आणि दोर तुटत होता. बाकावरचे ट्रकवाले खिदळले, "चाचा, शेवया हायत का शंकरपाळे?"

हात पुसत ते माझ्यापाशी येऊन बसले आणि सांगू लागले. मस्कतच्या हॉटेलात त्यांच्याबरोबर एक चिनी मुसलमान वस्ताद होता, लानचौचा. लानचौ म्हणजे ह्वांग हो नदीकाठचं शहर. तिथल्या मुसलमान आचाऱ्यांनीच या हाताने ओढलेल्या शेवया नावारूपाला आणल्या. नितळ रस्सा, मुळ्याच्या चकत्या, कोथिंबीर, वर मिरचीचं लाल तेल. सकाळी कामावर जाताना मजूर आणि साहेब एकाच बाकावर बसून त्या खातात. पुढे तिथली माणसं पोटासाठी बाहेर पडली आणि चीनभर त्यांची दुकानं झाली.

"तो पिठात कसल्याशा झुडपाची राख घालायचा. ती हितं कुठनं आणू?" इब्राहिमभाई म्हणाले. "मस्कतचा परत व्हिसा आलाय. एजंटला उद्या कळवायचंय. ह्या जमल्या तर ऱ्हाईन, नायतर..."

त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे त्यांची मुलगी सना उभी होती. घरी आलेल्या बापाला ती अजून पाहुण्याला लाजावं तशी लाजत होती.

आतून त्यांची बायको झुबेदा म्हणाली, "राख राख काय करताय? खारच ना तो? पापडखार घाला."

"अगो, तो पापडात घालतात!"

"मग? माझा पापड लाटताना कधी फाटलाय?"

पापडखाराच्या पाण्याने पीठ पिवळसर झालं आणि ओल्या फडक्याखाली मुरत पडलं. तोवर झुबेदाने मला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची (बारीक कोळंबीची) चटणी वाढली.

मग इब्राहिमभाईंनी दोर ओढला. दुमडला, पुन्हा ओढला. दर वेळी धागे दुप्पट, बारीक होत गेले. तुटले नाहीत. ट्रकवाल्यांनी वाडगे पुढे ओढले आणि थोड्या वेळाने नुसता भुरके मारल्याचा आवाज उरला. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल तेलाचे शिंतोडे उडाले, ते मला नंतर दिसले.

सना पुढे आली. "अब्बा, उद्या पन करनार?"

हातातल्या शेवया तशाच धरून ते तिच्याकडे बघत राहिले. "उद्या पन. परवा पन, गो."

सकाळी ते मला स्टँडवर सोडायला आले. वाटेत एसटीडी बूथमध्ये शिरून एजंटला एवढंच म्हणाले, "नाय भाई. नाय येत."

एसटी घाट चढू लागली. पत्रकाचा कागद कोराच होता. लानचौचा तो वस्ताद अजून मस्कतलाच आहे, असं इब्राहिमभाई निघताना म्हणाले होते. त्यालाही घर असेल, मुलं असतील. ती कुणाच्या हातच्या शेवया खात असतील?